बहिणीचं 'सुप्रभात' रोज येत होतं, तिचं ऑपरेशन मात्र कळलं नाही

"मी मिरजेत राहते. वय ६६. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. हे जाऊन चार वर्षं झाली, मुलगा-सून बंगळुरूला असतात. माझी धाकटी बहीण नाशिकला. आम्हा दोघींत सात वर्षांचं अंतर, लहानपणी तिची वेणी मीच घालत असे. भाच्यानं २०१७ मध्ये माहेरच्या सगळ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. त्यात आता सत्तरच्या वर माणसं आहेत. बहीण त्यावर आणि मला वेगळंही रोज पहाटे फुलाचं चित्र आणि सुविचार पाठवते. मी हात जोडल्याची खूण पाठवते. तिच्या स्टेटसला नातवाचे फोटो असतात, ते बघते. मला वाटायचं, तिच्या घरचं सगळं मला कळतंय.

मागच्या महिन्यात पुण्याला एका बारशात तिची जाऊ भेटली. म्हणाली, 'आता बऱ्यापैकी हिंडते-फिरते ती. पिशवी काढली म्हणजे वेळ लागतोच.' मला काहीच माहीत नव्हतं. ऑपरेशनला तीन महिने होऊन गेले होते. घरी येऊन मी फोन उघडून पाहिला. त्या सगळ्या दिवसांत तिचं सुप्रभात आलेलं होतं, अगदी ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा. तेव्हापासून मी उत्तर देणं बंद केलं आहे. ती अजून पाठवते. मुलगा म्हणतो, 'आई, तिला सांगायचं नसेल, त्यात एवढं काय?'

सोशल मीडियानं माणसं जवळ आली असं म्हणतात, मला तर उलटंच दिसतंय. तुम्हाला काय वाटतं? मी ग्रुपमधून बाहेर पडू का? आणि बहिणीशी आता काय बोलू? ती मला अक्का म्हणते. श्रावणात मी न्हाणीत घसरून पडले तेव्हा मुलालाही आठवडाभर सांगितलं नव्हतं, उगाच काळजी नको म्हणून. पण ती माझी बहीण आहे हो."

— एक वाचक, मिरज

अक्का,

बहीण ज्या नावानं हाक मारते त्याच नावानं लिहिते आहे. तुमचं पत्र वाचल्यावर दुसरं नाव सुचेना.

आधी मुलाच्या बोलण्याबद्दल. 'त्यात एवढं काय' असं त्याला वाटतं, पण त्यात बरंच आहे. जिची वेणी घातली तिचं एवढं मोठं ऑपरेशन झालं आणि ते तुम्हाला बारशाच्या गर्दीत तिच्या जावेकडून कळलं. जाऊसुद्धा तुम्हाला ठाऊकच असणार असं धरून बोलत होती. त्या क्षणी तुम्ही काय म्हणालात ते पत्रात नाही. बहुतेक माहीत असल्यासारखी मान हलवली असेल. चार माणसांत 'मला नाही माहीत' म्हणणं मोठ्या बहिणीला फार जड जातं. शिवाय काही बरंवाईट झालं असतं तर, ही धडकी घरी येईपर्यंत पोटात राहिली असेल. राग आला यात तुमचं काही चुकलेलं नाही.

आता तुमचा मोठा प्रश्न: हा सोशल मीडिया माणसं जोडतो की तोडतो? जगाचं राहू द्या. आधी मिरज आणि नाशिक यांच्यामध्ये काय झालं ते बघू.

पूर्वी नाशिकहून पत्र यायला उशीर झाला तर तुम्ही काय करत होतात? दोन-तीन आठवडे आंतरदेशीय पत्र आलं नाही की मनात पाल चुकचुकायची. मग तुम्ही लिहायचात. पुढे एसटीडी बूथ आले. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा म्हणून त्या वेळी बूथबाहेर रांग असायची, आणि फोन लागला की पहिलं वाक्य ठरलेलं: 'बरी आहेस ना? पत्र का नाही?' बहीण गप्प आहे हीच एक बातमी होती आणि ती तुम्हाला खुर्चीतून उठवून बूथपर्यंत नेत होती. आता बहीण कधी गप्प होतच नाही. रोज पहाटे फूल येतं. त्या फुलातून खरं तर एवढंच कळतं, की तिनं आज फोन हातात घेतला. पण फूल आलं की मन म्हणतं, चला, सगळं ठीक आहे. स्टेटसचंही तसंच. नातू मोदक खाताना दिसला, नवा शर्ट घालून शाळेत जाताना दिसला, की नाशिकच्या घरात जाऊन आल्यासारखं वाटतं. त्या घरातलं काय दाखवायचं आणि काय नाही हे मात्र तिनं ठरवलेलं असतं. सलाईनचा फोटो कुणी स्टेटसला ठेवत नाही.

ह्या माध्यमाचा सगळ्यात मोठा तोटा मला हाच वाटतो. ते विचारण्याचं निमित्तच काढून घेतं. रोज काहीतरी दिसत असतं म्हणून आपण विचारत नाही, आणि कुणी विचारत नाही म्हणून समोरचं माणूस सांगत नाही. दोघांनाही वाटत राहतं की संबंध चालू आहेत.

म्हणून पूर्वीचं सगळं चांगलं होतं असं मात्र मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. त्या काळात बहीण गेल्याचं पत्र तिचा तेरावा झाल्यावर पोचलेली घरं होती. सासरहून लिहिलेलं पत्र पेटीत पडण्याआधी कुणीतरी वाचायचं, म्हणून लेकी 'इकडील सर्व क्षेम' ह्यापलीकडे काही लिहीत नसत. आज तीच लेक खोलीचं दार लावून आईशी बोलू शकते, आईचा चेहरा बघू शकते. ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं व्हिडिओ कॉलवर खुणांच्या भाषेत गावोगावच्या मित्रांशी तासन्‌तास गप्पा मारतात. साधा फोन त्यांच्या काहीच उपयोगाचा नव्हता. आणि २०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, कुठे खाट रिकामी आहे, कुठे ऑक्सिजन मिळतो, बंद घरातल्या म्हाताऱ्यांना डबा कोण पोचवेल, हे कितीतरी ठिकाणी अशाच ग्रुपवर ठरत होतं. तेव्हा ज्यांची माणसं वाचली त्यांच्यासमोर मी ह्या माध्यमाला वाईट म्हणू शकणार नाही.

संशोधकांनी ह्यावर बरंच काम केलं आहे. त्यातलं एक तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण ते तुमच्या घराला लागू पडतं. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात काही कुटुंबांना संगणक आणि इंटरनेट दिलं आणि त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. १९९८ मध्ये त्यांनी लिहिलं, की जे जास्त वापरतात त्यांचा एकटेपणा थोडा वाढलेला दिसतो. मोठी खळबळ झाली. मग त्यांनीच तो अभ्यास पुढे चालू ठेवला आणि २००२ मध्ये सांगितलं की तो परिणाम बराचसा ओसरला आहे. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट पुढे आली. जे मुळात बोलके होते, ज्यांच्याभोवती माणसं होती, त्यांना इंटरनेटचा फायदा झाला. जे बुजरे होते, ज्यांना आधार कमी होता, त्यांना तो फायदा मिळाला नाही, उलट काही बाबतीत त्यांची स्थिती आणखी खालावली.

आता तुमचा भाचा बघा. तो ग्रुप चालवतो, लोकांना चिडवत असेल, लग्नाच्या तारखा टाकत असेल, आणि शनिवार-रविवारी त्यातल्याच चौघांबरोबर गडावर जात असेल. त्याला ग्रुपनं माणसं आणखी जवळ आणून दिली असतील. तुमचं तसं नाही. यजमान गेल्यावर संध्याकाळचं फिरणं सुटलं असेल, जोडीनं जायची लग्नकार्यं कमी झाली असतील, आणि हळूहळू दिवसभरातलं 'माणसांशी बोलणं' म्हणजे बहुतेक तो फोनच उरला असेल. पत्रात तुम्ही असं लिहिलेलं नाही, पण मिरजेतल्या एकाही माणसाचा उल्लेख पत्रात नाही, ह्यावरून मला तसं वाटलं. ग्रुप एकच असतो. त्यात शिरताना ज्याच्या पदरात जेवढी माणसं आहेत, तसा तो त्याला लाभतो किंवा लाभत नाही.

आणि आता त्या ग्रुपबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण बहिणीनं का सांगितलं नाही ह्याचं निम्मं उत्तर तिथेच आहे असं मला वाटतं.

त्यात कोण कोण आहे ते नजरेसमोर आणा. भाऊ, भावजया, भाचे, भाचेसुना, भाच्यांचे सासरे, पुतण्यांची कॉलेजात जाणारी मुलं, लग्न होऊन वर्षही न झालेले जावई. एवढ्या माणसांत 'मला गर्भाशयाचा असा असा त्रास होतोय, डॉक्टर पिशवी काढायला सांगतायत' हे तिनं कसं लिहावं? भाचजावयासमोर? आपल्याकडच्या बायका पिशवीचं दुखणं नवऱ्यालासुद्धा वर्ष-वर्ष सांगत नाहीत.

घरात माणसं जमली की बोलणं आपोआप वाटलं जायचं. ओसरीवर पाऊसपाणी आणि राजकारण, माजघरात लग्नं आणि दागिने, आणि मागच्या दारी, धुण्याच्या दगडाशी, दोघी बहिणींचं. दुखणी, सासूचा जाच, नवऱ्याचं पिणं, हातउसने पैसे, हे सगळं मागच्या दारीच बोललं गेलं आहे. ग्रुपला मागचं दार नाही. सत्तर माणसं एकाच ओसरीवर बसली आहेत, आणि तिथे सगळ्यांसमोर जे शोभतं तेवढंच बोलता येतं: वाढदिवस, दहावीचा निकाल, गणपतीची आरास, भावपूर्ण श्रद्धांजली, सुविचार. २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये २५६ माणसं घेता यायची, २०२२ मध्ये ही मर्यादा १०२४ वर गेली. माणसं जितकी वाढतील तितकं बोलणं वरवरचं होत जाणार, कारण ते शेवटच्या माणसालाही चालायला हवं.

तुम्ही म्हणाल, ती मला वेगळंही पाठवत होती, तिथे सांगायचं. खरं आहे. दोघींचं मागचं दार उघडं होतं. पण तिथेही तेच फूल आणि तेच हात. मागच्या दारी येऊन दोघी ओसरीवरचंच बोलत राहिलात.

दोघी म्हणते आहे, कारण तुमच्या पत्राची शेवटची काही वाक्यं. श्रावणात तुम्ही न्हाणीत पडलात. मुलाला आठवड्यानं सांगितलंत. बहिणीला कधी सांगितलंत ते लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की तिला आजही ठाऊक नाही. पडलात त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नाशिकहून फूल आलं असेल. पाय सुजलेला असेल, उठताना भिंत धरावी लागत असेल, आणि तुम्ही नेहमीसारखे हात जोडून पाठवले असतील. नाशिकला तिला वाटलं असेल, अक्का ठीक आहे.

दोष द्यायला हे लिहीत नाही. तुमच्या मनात तेव्हा काय होतं ते फक्त आठवा, कारण तिच्या मनात जवळजवळ तेच असणार. उगाच काळजी नको. अक्का एकटी असते, तिचंच काय कमी आहे. सांगितलं तर ती पिशवीत दोन लुगडी टाकून रात्रीच्या गाडीला बसेल, आणि ह्या वयात चारशे किलोमीटरच्या पुढचा प्रवास कशाला. मग ऑपरेशन झालं. मग वाटलं, टाके निघाले की सांगू. आठ दिवस गेले, पंधरा गेले, आणि सांगणं जड होत गेलं, कारण आता 'आधी का नाही सांगितलंस' ह्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागणार. ऑपरेशनच्या दिवशीही सुप्रभात आलं ह्याचा तुम्हाला सगळ्यात जास्त राग आहे, हे मला कळतं. पण त्या दिवशी ते आलं नसतं तर सत्तर माणसांनी विचारलं असतं. मला तर असंही वाटतं, की दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या रोजच्यासारखं अक्काला काहीतरी पाठवणं, हेच तिला त्या दिवशी धरून ठेवायला सापडलं असेल. हे खरं की खोटं ते तीच सांगू शकेल. म्हणून तिला विचारायला हवं.

फोन करा. मेसेज लिहू नका, आवाज रेकॉर्ड करून पाठवू नका, फोनच करा. ह्यालाही आधार आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी लहान मुलींना अनोळखी माणसांसमोर बोलायला आणि गणितं सोडवायला लावलं. मुली घाबरल्या. मग काही मुलींना आई प्रत्यक्ष भेटली, काहींशी फोनवर बोलली, काहींना तिनं फक्त मेसेज पाठवले आणि काहींना आई भेटलीच नाही. भेट झाली किंवा आवाज ऐकला त्या मुलींच्या शरीरातली ताणाची द्रव्यं उतरली. नुसते मेसेज मिळालेल्या मुली मात्र आई अजिबात न भेटलेल्या मुलींसारख्याच राहिल्या. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मेसेजमधले शब्दही आईचेच होते. तरी लेकराच्या अंगाला ते पोचले नाहीत, आवाज पोचला.

तुम्हाला अवघड वाटेल, इतक्या दिवसांनी, तेही मध्ये अबोला झाल्यावर. २०२१ मध्ये अमित कुमार आणि निकोलस एप्ली ह्यांनी असाच एक प्रयोग छापला. जुन्या ओळखीच्या माणसाशी पुन्हा संपर्क करायचा, काहींनी फोन करून, काहींनी लिहून. फोनवर फार अवघडल्यासारखं होईल असं लोकांना आधी वाटत होतं. प्रत्यक्षात फोन करणाऱ्यांना जास्त अवघडलेपण आलं नाही, आणि जवळीक मात्र जास्त वाटली. आणि बहीण तर अनोळखी नव्हेच. तुमच्या हाताखाली वाढलेली पोर आहे.

दुपारी करा, जेवणं उरकल्यावर, नातू शाळेतून यायच्या आधी. सकाळी नको, सकाळी घरात कुणी ना कुणी ऐकत असतं. आणि सुरुवात जावेच्या बोलण्यापासून करू नका. 'मला तुझ्या जाऊबाईंकडून कळलं' म्हटलंत की ती पहिल्या मिनिटापासून खुलासे देत बसेल. तुमच्या पडण्यापासून सुरू करा. 'तुला एक सांगायचं राहिलं गं. श्रावणात मी न्हाणीत पडले होते.' मग कुठे लागलं, किती दिवस दुखलं, रात्री एकटीला काय वाटलं, सगळं नीट सांगा. ती नक्की चिडेल. 'अक्का, मला का नाही सांगितलंस?' असं म्हणेल. तिला चिडू द्या, मनापासून उत्तर द्या, की तुला काळजी नको म्हणून नाही सांगितलं, आणि ते चुकलंच. आणि मग म्हणा, 'तुझंही मला पुण्यात कळलं. मला फार लागलं.' हा डाव म्हणून करायचा नाही. तुमचं सांगायचं राहिलेलं आहे, ते आधी सांगून टाकायचं, इतकंच. त्यानंतर ती रडेल, किंवा गप्प होईल, किंवा उलट तुम्हालाच चार गोष्टी सुनावेल. कदाचित तिचंही काही साठलेलं निघेल. यजमान गेल्यावर तुम्हीच कुणाशी फार बोलेनाशा झालात, असं ती म्हणाली तर ते ऐकून घ्या. काही झालं तरी फोन ठेवू नका.

तिनं विषय टाळला, 'झालं ते झालं, आता बरी आहे' म्हणाली, तर पहिल्या फोनला तेवढंच राहू द्या. दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा आणि दुखण्याचं साधं विचारा. जिना चढता येतो का, पाण्याची बादली कोण उचलतं, रात्री झोप लागते का. पिशवी काढल्यावर काही आठवडे जड उचलायचं नसतं, आणि घरात बाई हिंडू लागली की सगळ्यांना वाटतं ती बरी झाली. हे तिला बहुतेक कुणी विचारलेलं नसेल.

तिच्या सुप्रभातला उत्तर देणं मात्र आजपासूनच सुरू करा, फोनची वाट न बघता. तुम्ही गप्प आहात हे तिला दिसतंय, तरी ती पाठवते आहे. तिला विचारायचा धीर होत नाहीये, असं मला त्यातून दिसतं.

पुढे रोज फोन करा असं मी म्हणणार नाही, ते टिकणार नाही. आठवड्यातला एक वार आणि एक वेळ दोघींनी मिळून ठरवा. तुमच्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव ह्या गावानं २०२२ च्या ऑगस्टपासून काय केलं ते तुम्ही वाचलं असेल. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की सगळ्यांनी एकाच वेळी बंद करायचं. एकट्यानं फोन बाजूला ठेवला तर तो नुसता एकटा बसून राहील. बोलायला समोरचाही मोकळा हवा. तुम्हा दोघींना गावाची गरज नाही. रविवारी चार वाजता तिनं फोन बाजूला ठेवू नये आणि तुम्ही तो उचलावा, एवढं ठरलं तरी पुरे. त्या वेळी फोन आला नाही तर काळजी करायची, आणि लगेच विचारायचं, हेही ठरवून टाका.

ग्रुप सोडू नका, निदान आत्ता नको. आता बाहेर पडलं की फक्त अ‍ॅडमिनला सूचना जाते, सगळ्यांना जात नाही. पण तुमच्या बाबतीत अ‍ॅडमिन म्हणजे भाचा. तो काळजीनं चार जणांना विचारणार, आणि बहिणीला तिच्या ऑपरेशनवरून अक्का रुसली हे तिसऱ्याच माणसाकडून कळणार. जे तुमच्या बाबतीत झालं तेच तिच्या बाबतीत होईल. त्रास होत असेल तर आवाज बंद करून ठेवा, दिवसातून एकदा उघडा. लग्नं, बारशी, कुणी गेल्याची बातमी, ह्यासाठी तो लागतोच. बाकी चित्रं पाहिली नाहीत तर काही बिघडत नाही. बहिणीच्या ऑपरेशनबद्दल मात्र त्यावर एक अक्षर लिहू नका, बरं वाटण्याच्या शुभेच्छाही नकोत. ते कुणाला कळू द्यायचं हा तिचा अधिकार आहे.

एक तुमच्यासाठी. घराची एक किल्ली शेजारी द्या, आणि ती कुणाकडे आहे हे बहिणीला आणि मुलाला सांगा, फोन नंबरासकट. मिरजेत तुमच्याबरोबर शिकवलेल्या बाई असतीलच. त्यांतल्या एकीच्या घरी ह्या आठवड्यात जाऊन या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ च्या अहवालात म्हटलं आहे, की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो आणि त्याचा तब्येतीवर खरोखरच परिणाम होतो. तुम्ही त्यांतल्या एक असाल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण सगळा भार एका बहिणीच्या फोनवर टाकू नका. तिलाही तो पेलायचा नाही.

आणि भेट. तुम्ही नाशिकला जाल असं वाटतं, पण पाय पूर्ण बरा झाला नसेल तर तिलाच मिरजेला बोलवा. तिच्या डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं असेल तर जानेवारी बरा. नाशिकला तेव्हा थंडी कडक असते, मिरजेत सुखाची. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पुण्यात एक रात्र कुणाकडे तरी मुक्काम करून आली तर त्रास होणार नाही. आई-वडील नाहीत, म्हणजे आता तिला माहेर म्हणून तुमचंच घर. दोन दिवसांसाठी बोलवू नका, चांगली पंधरा दिवस ठेवून घ्या. कामाला बाई नसेल तर तेवढ्यापुरती लावा, दोघींपैकी कुणीही बादली उचलायची नाही. फोनवर तिचं काय म्हणणं पडलं ते मला कळवा.